कुलपाला विचारणारे अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गेवराईकडच्या एका फाट्यावर, चहाच्या हॉटेलच्या पत्र्याखाली बसून गाड्या मोजत होते. विद्यार्थिनी असताना हेच करत होते आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली तरी हेच करते, याचं घरच्यांना फार हसू येतं. आमचा विद्यापीठातला गट वाहतूक नियोजनाचा. कोणत्या रस्त्यानं किती माणसं, किती माल, कुठून कुठं जातो ते मोजायचं, नकाशावर मांडायचं आणि कुठं रस्ता हवा, कुठं बस हवी ते सांगायचं. फोन दिंद्रुडहून होता, अण्णांच्या मुलाचा. "ताई, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, आन्..." मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. समोरून दोन ट्रक गेले, एक ट्रॅक्टर गेला, मागोमाग मोटारसायकली गेल्या आणि माझ्या हातातला काउंटर तसाच राहिला. इतक्या वर्षांत माझी मोजणी पहिल्यांदा मोडली. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीनं हळूच विचारलं, "मॅडम, आजचं बंद करायचं का?" तर मी तिच्यावर खेकसले, "मुळीच नाही!" बिचारी दचकली. तिला काय ठाऊक, मी कोणाच्या हाताखाली शिकले ते.

मोजणी कधीही मोडायची नाही, हा अण्णांचा पहिला नियम. एकदा माजलगावच्या रस्त्यावर आमच्यासमोरून मयत चालली होती. अण्णा उठून उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले, मयत पुढं गेल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "लिवा बाई. पायी जाणारे, बावन्न." मी म्हटलं, "अहो अण्णा, मयतीला आलेली माणसं कशी मोजायची?" तर म्हणाले, "मंग काय झालं? ती बी कुठनं तरी कुठं तरीच चाललीत की." अण्णा गेले त्या दिवशी दुपारी दिंद्रुडच्या रस्त्यानं अण्णांच्या मागं जी माणसं निघाली ती मी मोजली. रडत रडत मोजली. आकडा मात्र कुणाला सांगणार नाही.

गंगाधरअण्णांचं आमच्या गटातलं अधिकृत पद होतं क्षेत्र सहायक. शिक्षण मॅट्रिक. पांढरा सदरा, त्याला दोन मोठे खिसे, डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला. मी अंबाजोगाईच्या मास्तरांची मुलगी, पदवीला पहिली आलेली, नाक वर करून गटात दाखल झाले, आणि आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, पहिल्याच दिवशी मला अण्णांच्या हवाली केलं. "महिनाभर यांच्याबरोबर फाट्यावर बसा, मग संगणकाला हात लावा." मला राग आला होता. अण्णांच्या डाव्या खिशात चिंचोके भरलेले. एक गाडी गेली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. तासाभरानं उजवा खिसा रुमालावर पालथा करायचा, मोजायचा, की आकडा तयार. मी म्हटलं, "अण्णा, आपल्याकडे काउंटर आहेत ना! परदेशातनं मागवलेत सरांनी." म्हणाले, "हायेत की. पन धुळीनं त्याचं बटन आडकतंय, आन् आडकलं का माणूस गाडी सोडून बटनाकडं बघत बसतंय." तासाभरात माझ्या काउंटरचं बटण अडकलं आणि मी त्याच्याकडे बघत बसले. अण्णा हसले नाहीत. माझ्यापुढं मूठभर चिंचोके ठेवले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. जमिनीत ओल नव्हती, विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीवर आणि माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. आमच्या तक्त्यात ट्रक, बस, ट्रॅक्टर, बैलगाडी असे रकाने होते, टँकरला रकाना नव्हता. अण्णांनी पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढून तो केला. नंतर आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'घागरी'. डोक्यावर पाणी घेऊन चालणाऱ्या बायका त्या रकान्यात. सर म्हणाले, "अण्णा, ही वाहतूक आहे का?" अण्णा म्हणाले, "सर, पानी हितनं तिथं न्यायलेत. त्यांच्या मानंला इचारा, वाहतूक हाय का न्हाई." सरांनी तो रकाना ठेवला. आमचे सर तसे सरळ मनाचे होते, चूक दाखवली की आधी चिडायचे आणि मग ऐकायचे.

त्या हिवाळ्यात गटाकडे जिल्ह्यातल्या ग्रामीण बसमार्गांचं काम होतं. कोणत्या गावाची गाडी भरते, कोणती रिकामी धावते ते शोधायचं. त्यासाठी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. घरात माणसं किती, काल कोण कुठं गेलं, कशानं गेलं, कशासाठी गेलं. अण्णा ते सगळं एका दमात विचारायचे, "कुठून आलाव, कुठं चाललाव, कशाला?" चकलांब्याला एक म्हातारे त्यांच्यावर भडकले होते, "तू कोन बे इचारनारा, माझा सासरा?" अण्णा म्हणाले, "सासरा असतो तर कशाला इचारलं असतं, सगळं ठावच असतं." दोघं मग तंबाखू मळत अर्धा तास बसले आणि म्हाताऱ्यानं शेजारच्या चार घरांचीही माहिती दिली. मला हे कधी जमलं नाही. माणूस चिडला की मी त्याच्या दुप्पट चिडते.

सावरदऱ्याला मी अण्णांशिवाय गेले. सावरदरा डोंगरातलं गाव, फाट्यापासून आत सात-आठ किलोमीटर. संध्याकाळी एक बस यायची, रात्री तिथंच मुक्कामाला राहायची आणि पहाटे निघायची. त्या मुक्कामाच्या गाडीवर गावच्या दूध सोसायटीचे कॅन टपावरून जायचे आणि हायस्कुलातली मुलं खालून. अण्णा त्या आठवड्यात चकलांब्याच्या फाट्यावर टँकर मोजत होते. मी दोन विद्यार्थी घेऊन गेले. डिसेंबर होता, कारण आमच्या गटाची सगळी घरोघरची कामं हिवाळ्याच्या सुट्टीत व्हायची, मुलं मोकळी असायची ना! दोन दिवसांचं काम आम्ही एका दुपारी उरकलं. का उरकलं? तर निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. मी भराभरा लिहीत गेले... घर क्रमांक चौदा, घर बंद. पंधरा, घर बंद. सतरा, घर बंद. खाली सही. लपेटदार सही करायची मला त्या काळी फार हौस होती. परत येताना मी त्या पोरांना भेळ खायला घातली, लवकर सुटलो म्हणून.

पुढचा माझा पराक्रम संगणकावरचा. बंद घरांतून किती लोक प्रवास करतात? तिथं मी शून्य भरलं. न मिळालेलं उत्तर वेगळं आणि शून्य वेगळं, हे मी स्वतः परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते. तरी शून्य भरलं. गावाची सरासरी काढली तर प्रवासी जवळजवळ नाहीतच. अहवालात एक ओळ गेली, या गावाला मुक्कामी गाडीची गरज दिसत नाही. अहवाल रीतसर पुढं गेला आणि संक्रांतीनंतर गाडी बंद झाली. ज्यांनी बंद केली त्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी आमच्या आकड्यावर विश्वास ठेवला.

अण्णांना हे फाट्यावर एका कंडक्टरकडून कळलं. दुसऱ्या दिवशी ते सावरदऱ्याच्या फॉर्मांचा गठ्ठा काखेत घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "ह्या कागदावर सही कुनाची हाय?" त्यांना दिसत होतंच. मी म्हटलं, "माझी." "तुमी अंबाजोगाईच्या ना?" "हो." "मंग दसरा-दिवाळी झाली का आर्धं गाव ऊसतोडीला जातंय, हे तुमाला ठाव न्हवतं?" मी म्हटलं, "ठाऊक होतं." आणि खरंच ठाऊक होतं हो! दरवर्षी आमच्या घरासमोरून ते ट्रक जायचे, वर बायका, पोरं, भांडी, शेळ्या, कोंबड्या. लहानपणी मी त्यांना हात करायची. "मंग कावून आसं लिवलं, बाई?" मी म्हटलं, "फॉर्मवर तसा रकाना नव्हता." आयुष्यात मी अनेक मूर्खपणाची वाक्यं बोलले आहे, पण इतकी लाज दुसऱ्या कुठल्याच वाक्याची वाटत नाही. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चला." त्या दिवसापर्यंत ते मला म्याडम म्हणायचे. त्या दिवशी बाई म्हणाले, आणि पुढं बाईच म्हणत राहिले.

फाट्यावर उतरून आम्ही चालत निघालो. ऊन चढलं होतं, रस्त्याला सावलीचं झाड नाही. अर्ध्या वाटेत दोन माणसं सायकलींना दुधाचे कॅन बांधून ढकलत येताना भेटली. दूध नासू नये म्हणून कॅनवर ओली पोती घातलेली. अण्णांनी त्यांना काहीच विचारलं नाही, मला नुसतं दाखवलं. गावात घर क्रमांक सतराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात ज्वारी निवडत बसली होती. भामाबाई तिचं नाव. "हे तर बंद होतं," मी पुटपुटले. भामाबाईनं ते ऐकलं. "कवा बंद व्हतं? टँकर आलता तवा म्या कुलूप लावून पान्याला गेलते. नात साळंत गेलती. ल्योक आन् सून ऊस तोडाया गेल्यात. आमी चौघं ऱ्हातो हितं." मी म्हटलं, "आजी, कुलूप होतं म्हणून आम्ही..." तिनं सूप खाली ठेवलं. "आगं बाय, कुलूप लावलंय म्हंजे घर हाय! वसाड पडलेल्या घराला कोन कुलूप लावतंय? त्या कुलपाला तरी इचारायचं व्हतं, तुजा धनी कुठं गेलाय म्हनून!"

नात शोभा, दहावीत. तीन आठवड्यांवर बोर्डाची परीक्षा. शाळा फाट्याच्याही पुढं, मोठ्या गावात. गाडी बंद झाल्यापासून ती पहाटे अंधारात निघून फाट्यापर्यंत एकटी चालत जात होती. हे तिकडं कारखान्यावर बापाच्या कानावर गेलं आणि त्यानं निरोप धाडला की पोरीला एवढ्या वाटेनं एकटं पाठवायचं नाही, मी येऊन तिला इकडं घेऊन जातो. बापाचं तरी काय चुकलं? शोभा दारात उभी होती, दोन वेण्या, हातात पुस्तक. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "गाडी परत चालू व्हईल का ओ?" अण्णा म्हणाले, "बघू, पोरी. तू वाचत ऱ्हा."

त्यांनी नुसतं बघितलं नाही. ज्या घरांना कुलपं होती त्यांचे फॉर्म घेतले आणि मला घेऊन त्या सहकारी साखर कारखान्यावर गेले, जिथं सावरदऱ्याची ऊसतोड टोळी होती. वजनकाट्यावर उसाच्या बैलगाड्यांची ही लांबलचक रांग. नंबर लागेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन तास गाडीवाल्याला काही काम नसतं. अण्णा म्हणाले, "ह्याच्याइतकं निवांत मानूस तुमाला गावात बी घावायचं न्हाई." आम्ही रांगेच्या एका टोकापासून सुरुवात केली. सावरदऱ्याचा कोण, असं विचारत गाडीगाडीपाशी थांबायचं. घर क्रमांक चौदा तिथं एका गाडीच्या जुवापाशी बसून भाकरी खात होतं, पंधरा बैलांना उसाच्या शेंड्यांचे वाढे टाकत होतं. गावी मागं कोण आहे? त्यांना बघायला कधी जाता? आजारपणाला, लग्नाला, दहाव्याला कशानं जाता? प्रत्येक घराचं कोणी ना कोणी मागं होतं आणि प्रत्येकाला ती मुक्कामाची गाडी पाठ होती. एकजण तर म्हणाला, "आमी हितं आसताव, पन ध्यान त्या गाडीतच ऱ्हातंय. पाचला फाटा सोडायची, साडेपाचला गावात."

घर क्रमांक सतरा रांगेच्या शेवटी होतं. शोभाचा बाप. उंच, काळासावळा, उसाच्या पात्यांनी हात चिरलेले. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं अण्णांना खालवर न्याहाळलं. "आमचं घर बंद हाय आसं कुनी लिवलं?" मी अण्णांच्या शेजारीच उभी होते. फॉर्म माझ्या हातात होते, सगळ्यांत वर सतरा नंबरचा, त्यावर माझी लपेटदार सही. अण्णा म्हणाले, "म्या लिवलं." आणि मी गप्प बसले. तो अण्णांना बरंच बोलला, लोक जमले, कोणी हसलं, कोणी शिवी दिली. अण्णा टोपी काढून ऐकत राहिले. मी गप्प बसले होते... एवढंच लिहायला मला इतकी वर्षं लागली. शेवटी अण्णा म्हणाले, "पोरीला न्याया पंधरा दिवस थांब. गाडी आनतो." बाप म्हणाला, "पंधरा म्हंजे पंधरा. सोळाव्या दिशी म्या निगनार."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "अण्णा, तुम्ही असं का म्हणालात?" ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमी नव्या हायेत. आत्ताच शिव्या खाल्ल्या तर फॉर्म भरायचं सोडून देताल. माझं काय, मला सवय हाय." मी म्हटलं, पुढच्या वेळी मी सांगेन. त्यांनी मान हलवली आणि उजव्या खिशातले चिंचोके डाव्या खिशात भरायला लागले.

सरांनी नवे आकडे पाहिले आणि आधी नेहमीप्रमाणे चिडले. अहवाल चुकला असं लेखी देणं म्हणजे गटाचं नाक कापून घेणं. एक दिवस गेला, दोन गेले. अण्णा रोज सकाळी सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे, बोलायचे काही नाही. चौथ्या दिवशी सरांनी त्यांना आत बोलावलं. "चूक कोणाची म्हणून लिहायचं?" अण्णा म्हणाले, "गटाची लिवा." सरांनी सही केली. पत्र गेलं, त्याच्या मागोमाग अण्णा गेले, चार कचेऱ्यांत बसले, सगळ्यांना तेच ते समजावून सांगितलं. आणि गाडी परत सुरू झाली. पण पंधराव्या दिवशी नाही, एकविसाव्या दिवशी. बाप बोलल्याप्रमाणे सोळाव्या दिवशी येऊन शोभाला घेऊन गेला होता. पहिली गाडी गावात शिरली तेव्हा आम्ही दोघं तिच्यात होतो. लोकांनी ड्रायव्हरला हार घातला, कॅन टपावर चढवले. सतरा नंबरच्या ओट्यावर भामाबाई एकटी बसली होती. त्या दिवशी बोर्डाचा दुसरा पेपर होता.

"त्या पोरीचं एक वर्स आपन खाल्लं, बाई," अण्णा म्हणाले. आपण म्हणाले. पुढच्या वर्षी टोळी निघाली तेव्हा गाडी चालू होती, म्हणून बापानं शोभाला आजीपाशी ठेवलं आणि ती दहावीला बसली. पासही झाली. पण ते एक वर्ष गेलं ते गेलंच.

त्यानंतर आमचा फॉर्म बदलला. आजही आमच्या गटाच्या फॉर्मवर, घर बंद असेल तर, खाली तीन रकाने असतात. कुठं गेले? कधी येणार? किल्ली कोणाकडं? शेजारी विचारून भरायचे, मोकळे सोडायचे नाहीत. बाहेरचे लोक तिसऱ्या रकान्याला हसतात. सरांनीही विचारलं होतं, प्रवासाच्या अभ्यासात किल्ली कशाला? अण्णा म्हणाले होते, "ज्याच्याकडं किल्ली ठिवलीय त्यालाच खरं काय ते ठाव आसतंय, सर." आणि हे अगदी खरं निघालं.

अण्णा निवृत्त झाले तरी दर हिवाळ्याला सावरदऱ्याला जायचे. मीही जमेल तशी त्यांच्याबरोबर. एकेका कुलपापुढं उभं राहून ते शेजाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. गाडी त्यांनीच खाल्ली असं समजून गावानं त्यांचं नाव गाडीखाऊ अण्णा पाडलं होतं. सुरुवातीला रागानं, मग थट्टेनं, मग लाडानं. "आला का गाडीखाऊ! च्या ठिवा गं!" पोरंसोरंसुद्धा म्हणायची. अण्णा हसायचे. मीही हसायचे आणि मनात म्हणायचे, पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू... मी तशी तोंडाळ बाई. कुलगुरूंशी भांडलेली आहे. पण या गावात माझी जीभ उचलली जायची नाही. एकदा परत येताना मी म्हटलं, "अण्णा, आज सांगणारच होते हो." ते म्हणाले, "व्हय, व्हय. गाडी आली, चला." यावर आम्ही तेवढंच बोललो.

अण्णांचा दहावा झाल्यावर काकूंनी, त्यांच्या पत्नीनं, मला आत बोलावलं आणि एक कापडी पिशवी हातात दिली. "हे तुमाला. बाकी कुनाला काय उपेग?" आत चिंचोके. काही इतके गुळगुळीत झाले होते की हातातून निसटत होते. मी तिथंच बसून रडले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आवो, सकाळी च्या पिताना बी म्हनत व्हते, औंदा बाईला घिऊन सावरदऱ्याला जायाचंय."

म्हणून मागच्या आठवड्यात गेले. एकटीच. गावात नेहमीप्रमाणे कुलपं. मी एकेका कुलपापुढं उभी राहिले, शेजारी विचारलं, रकाने भरले. घर क्रमांक सतरा उघडं होतं. भामाबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आईबाप थकले आणि घर आता शोभाचं आहे. लग्न करून याच गावात राहिली, पुढं बायकांची दूध सोसायटी उभी राहिली तिची सचिव झाली. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून ओट्यावरून उतरली, माझ्या मागं वाटेकडे बघायला लागली. "अण्णा कुठं गेले? मागं ऱ्हायले का? कवा येनार?"

मला रडू फुटलं. तिला समजलं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मग मी पर्समधून तो कागद काढला. सतरा नंबरचा, जुना, कडा फाटलेला. इतकी वर्षं माझ्या कपाटात होता. "शोभा, हे अण्णांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. ही सही माझी आहे. तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं. आणि मी एवढी वर्षं..." मी कागद तिच्यापुढं धरला.

तिनं कागद हातातही घेतला नाही. "ठाव हाय मला."

"कसं ठाऊक?" मी विचारलं.

"धावी पास झाले तवा पेढे घिऊन दिंद्रुडला गेलते. अण्णांनी पेढा हातात बी घेतला न्हाई. म्हनले, आदी आईक. ती सही माझी न्हाई, बाईची हाय. मला लई राग आला. म्हनलं, मंग ती बाई कावून बोलली न्हाई? तर म्हनले, ती आत्ता घरात न्हाई, पोरी. कुलूप हाय. पन कुलूप हाय म्हंजे घर हाय, तुजीच आजी म्हनली व्हती. म्या इचारलं, मंग कवा येनार ती? म्हनले, ते मला बी ठाव न्हाई, पन येनार. आन् मंग पेढा तोंडात टाकला आन् म्हनले, तवर किल्ली तुज्यापशी ठिव."

एवढं बोलून ती उठली. "बसा. च्या ठिवते. आता गाडी बी येईल, दुधाचे क्यान भरायचेत मला." आत भांड्यांचा आवाज व्हायला लागला. मी डोळे पुसले, अण्णांची पिशवी मांडीवर घेतली आणि नवा फॉर्म काढला. घर क्रमांक सतरा. घर उघडं आहे. खाली सावकाश, लपेट न घेता, वाचता येईल अशी माझी सही केली.